वैनीचा गुडघा आणि माझा ॲडब्लॉकर

माझ्याकडे फळ्यावर वापरायचा एक लाकडी कोनमापक आहे. भाकरीच्या तव्याचा अर्धा तुकडा असावा एवढा, मधोमध धरायला मूठ असलेला. तीस वर्षं गणित शिकवून मी निवृत्त झाले, त्याच महिन्यात शाळेत प्लास्टिकचे कोनमापक आले. म्हणून निरोपाच्या शालीसोबत मुख्याध्यापकांनी हा जुना माझ्या हातात ठेवला आणि भाषणात म्हणाले, बाईंनी गावाला कोन शिकवले. त्यानंतर दहा वर्षं त्या कोनमापकानं गच्चीवर पापडांखालचं प्लास्टिक उडू नये म्हणून दाबून धरायचं काम इमानानं केलं. मग समोरच्या वैनीचा गुडघा बदलला आणि तो पुन्हा नोकरीवर रुजू झाला.

वैनी म्हणजे आमच्या दारासमोर राहणारी शेजारीण. नात्यानं कोणी नाही. सिंदी गावात आमची दोन घरं चाळीस वर्षं एकमेकांकडे टक लावून उभी आहेत. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला तोंडावर ‘वैनी’ आणि ‘तुमी’ म्हणते, पाठीमागे ‘ती’. लिहिताना पाठीमागचंच चालवते. ती मला तोंडावर आणि पाठीमागे दोन्हीकडे ‘मास्तरीण’ म्हणते आणि ‘तू’ करते.

तिचं ऑपरेशन वर्ध्याला झालं. चांगलं झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “आजी, दीड महिन्यानं दाखवायला या. तोवर गुडघा नव्वदपर्यंत वाकला पाहिजे. नाही वाकला, तर परत टेबलावर घ्यावं लागेल. भूल देऊन आम्हीच वाकवू.”

सरळ पाय म्हणजे शून्य आणि काटकोन म्हणजे नव्वद, हे मी तिला समजावून सांगितलं. ते तिला लगेच समजलं. तिचं लक्ष दुसऱ्याच शब्दावर अडकलं होतं.

“मास्तरीण, भूल नाई पाहिजे वो.”

“काऊन? दुखत नाई त्यानं.”

“दुखाचं नाई. मी बोलतो त्याच्यात.”

पहिल्या वेळी भुलीतून बाहेर येताना वैनीनं सुनेच्या पुरणपोळीबद्दलचं आपलं खरं मत सगळ्या वॉर्डाला ऐकवलं होतं. सून शेजारी सलाईनची बाटली सांभाळत उभी. तरी पुरणपोळी निभावली, सून समजूतदार आहे. पण वैनी पुढचं सांगेना. “आजून बम हाय पोटात,” म्हणजे पुष्कळ आहे, एवढंच म्हणाली. “दुसऱ्यांदा भूल देल्ली तं मले घरीच घेनार नाई ते.”

म्हणजे प्रश्न गुडघ्याचा होता आणि घराचाही होता. मुलगा-सून दोघं नोकरीवर, सकाळी जातात, संध्याकाळी येतात. वॉकर घेऊन रोज वर्ध्याला व्यायामाला जाणं शक्य नाही. दवाखान्यातली ताई म्हणाली, मोबाईलवर व्यायामाचे व्हिडिओ असतात, पाहून करा. वैनीचा मोबाईल बटनांचा. माझ्याकडे मात्र नातीनं नागपूरला कॉलेजात जाताना टाकून दिलेला लॅपटॉप होता, पडद्याला बोट लावलं की चालणारा. दुपारी तीन वाजता वैनी वॉकर टेकवत टेकवत रस्ता ओलांडून माझ्याकडे येऊ लागली. पुढच्या खोलीत तिची खुर्ची, समोर उंच स्टूल, स्टुलावर लॅपटॉप, आणि खाली चटईवर कोनमापक घेऊन मी.

व्हिडिओतली पोरगी फार गोड होती. मराठीत बोलायची, हसायची, आणि प्रत्येक हालचालीनंतर म्हणायची, “छान! खूप छान!” पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “आता पाय वर उचला, सरळ ठेवा आणि धरून ठेवा.” वैनीनं पाय उचलला. पोरगी गेली आणि पडद्यावर पुण्यातले फ्लॅट आले.

“आता?” वैनी.

“धरून ठेवा.”

“कवालोक?”

“ते वापस येईलोक.”

फ्लॅटमधली एक बाई खिडकीत उभी राहून कॉफी पीत होती, घाई अशी नव्हतीच तिला. वैनीचा पाय थरथरायला लागला. “अवं, पी नं लवकर!” वैनी तिच्यावर ओरडली. “माहा पाय खाली ठेवाचा हाय!”

“ठेवा वैनी. मी सांगतो नं, ठेवा खाली.”

“तुह्या सांगन्यानं नाई. ते पोरगी सांगन तवा.”

इथे मला जरा लागलं. तीस वर्षं माझ्या सांगण्यावर पाचशे पोट्ट्यांनी हात वर केले आणि खाली ठेवले. पण वैनीचं म्हणणं सरळ होतं. “तू म्हंतं ‘आजून’. ते म्हंते ‘छान’. तुह्या तोंडातून जल्मात कोनाले ‘छान’ निंगालं का?”

मी आठवून पाहिलं. नव्हतं निघालं. वर्गात सगळ्यात हुशार पोरीनं फळ्यावर गणित सोडवलं, तर तरुणपणची मी म्हणत असे, “बरोबर आहे, पण अक्षर?” आणि त्यात आपण फार मोठं काही घडवतो आहोत अशा ऐटीत पदर खांद्यावर सारखा करत असे.

त्या व्हिडिओत पुढे आणखी चार वेळा जाहिराती आल्या. एकदा तर गुडघेदुखीच्या तेलाचीच आली. तेल लावलेला म्हातारा पळत पळत डोंगर चढला आणि वैनी टाच हवेत धरून त्याच्याकडे पाहत बसली. मोजलं तर गुडघा सत्तर.

शनिवारी नात आली. तिला ही कर्मकथा सांगितली तर म्हणाली, “आजी, एवढंच ना? ॲडब्लॉकर टाकून देते.” दोन मिनिटांत काहीतरी टाकलं आणि सगळ्या जाहिराती गेल्या. फ्लॅट गेले, तेल गेलं, म्हातारा डोंगरावर राहिला तो राहिलाच. पुढचे दहा दिवस पोरगी अखंड बोलत होती आणि वैनीचा पाय ज्या वेळी खाली यायला हवा त्या वेळी खाली येत होता. सत्तरचे अठ्ठ्याहत्तर झाले. कोनमापक धरून मी म्हणालेही, “छान.” वैनी म्हणाली, “राहू दे. तुह्या तोंडात बराबर नाई दिसत.”

अकराव्या दिवशी पडद्यावर मोठी पाटी आली. मी चष्मा सारखा करून वाचली आणि वैनीला मराठीत सांगितली. साइटवाल्यांचं म्हणणं असं होतं की तुम्ही जाहिराती अडवणारं काहीतरी वापरत आहात, ते आमच्या नियमात बसत नाही. ते काढा, नाहीतर आणखी तीन व्हिडिओ पाहिल्यावर तुमचं पाहणं बंद.

माझं डोकंच फिरलं. “पाहा, पाहा वैनी! आपल्या घरात काय लावलं हाय ते पाहाणारे हे कोन वो? मी माह्या घरात जाहिरात पाहो का नाई पाहो! आधी म्हंते या, बसा, फुकट पाहा. आन मंग दारात उभं राहून झडती घेते! लाज कशी नाई वाटत?”

वैनीला हसू फुटलं. साधं नाही. टाके नुकतेच निघालेले, म्हणून ती दोन्ही हातांनी गुडघा धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मध्येच “अवं दुखते, अवं दुखते” म्हणत होती.

“का झालं?”

“मास्तरीण, पिशव्या कोन तपासत होतं वो?”

मी कोनमापक चटईवर पालथा ठेवला.

ही पिशव्यांची गोष्ट सांगायलाच हवी. सांगितली नाही तर वैनी येऊन सांगेल, आणि ती जास्तीची मीठ-मिरची घालते.

आमच्या गल्लीत टीव्ही पहिल्यांदा आला तो आमच्या घरी. छपरावर नागपूरकडे तोंड करून अँटेना, आणि रविवारी सकाळी देवांच्या मालिकेच्या वेळी घरात सतरा बाया. पोरंसोरं वेगळी. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, बीएस्सी बीएड, आणि जगात जे काही चाललं आहे ते गणितानं सुधारता येतं अशी माझी पक्की खात्री. त्याच वर्षी ह्यांची बदली गावाला झाली. ती व्हावी म्हणून सासूबाईंनी देवाला एक लाख वाती बोलल्या होत्या. बदली झाली, वाती राहिल्या. सासूबाईंचे हात थरथरायचे. दिवसाला वीस वाती वळून व्हायच्या नाहीत.

त्या सव्वीस वर्षांच्या शहाणीनं वहीवर गुणाकार केला. सतरा बाया, दर रविवारी शंभर-शंभर वाती, म्हणजे एकोणसाठ रविवारांत नवस पूर्ण. सासूबाईंना ती म्हणाली, “आई, एवढे रिकामे चौतीस हात आपल्या घरात येऊन बसतात, वाया जातात.” पुढच्या रविवारी दारातच जिनिंगमधून आणलेल्या कापसाची परात ठेवली. आत यायचं तर मूठभर कापूस घ्यायचा. डोळे टीव्हीवर, हात मांडीवर. जाताना शंभर वाती दुसऱ्या परातीत टाकून जायचं.

बाया बिचाऱ्या वळायच्या. पण बाण सुटला, की हात थांबायचे. हे त्या शहाणीच्या लक्षात आलं. मग तिनं काय करावं? ऐन बाण हवेत असताना उठून टीव्हीच्या समोर उभी राहायची आणि कमरेवर हात ठेवून म्हणायची, “वाती कमी पडून राह्यल्या. या कोपऱ्यात कोणाचे हात थांबले आहेत?” सगळ्यांचे हात चालू झाले की मगच बाजूला व्हायची. तोवर बाण लागून गेलेला असायचा. कोणाला लागला ते बाया एकमेकींना विचारत राहायच्या. आता विचार करते, तर मीच जाहिरात होते. साडी नेसलेली, चष्मा लावलेली, कोणाला टाळता न येणारी.

आणि वैनी होती ॲडब्लॉकर. ती दारातच तयार वातींची पिशवी परातीत रिकामी करायची आणि आत येऊन दोन्ही हात मोकळे सोडून ऐसपैस बसायची. मोकळ्या हातांनी फुटाणे खायची. तिच्या वाती सगळ्यात सुबक, एकसारख्या, जणू पट्टीनं मोजलेल्या. मी इतर बायांना त्या दाखवून म्हणायचे, “पाहा, याला म्हणतात मन लावून काम करणं.”

तीन महिन्यांनी एका वातीवर मला जांभळ्या शाईचा अंगठा उठलेला दिसला. शिक्क्याच्या शाईचा. वैनीचे यजमान कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर. चौकशी केली तेव्हा कळलं की मधल्या सुट्टीत सगळी शाखा डबे खाऊन वाती वळायला बसते. शिपाई, लिपिक, टंकलेखक. एका शनिवारी म्हणे साहेबांनीही अकरा वळल्या होत्या. ज्या वातींना मी मन लावून केलेलं काम म्हणून मिरवत होते, त्या मिशीवाल्या बापुड्यांनी जावक रजिस्टरवर ठेवून वळलेल्या.

झालं. पुढच्या रविवारी ती शहाणी दारात उभी. “बाहेरच्या वाती चालणार नाहीत. ज्याला पाहायचं त्यानं इथं बसून, माझ्या डोळ्यांसमोर वळायच्या.” आणि प्रत्येकीची पिशवी उघडून पाहिली. हो, मीच पाहिली. वैनीनं माझ्याकडे एक नजर टाकली, पिशवी उचलली आणि परत गेली. त्या दिवशी मालिकेत मोठं युद्ध होतं. ते तिनं आमच्या खिडकीच्या गजांतून, रस्त्यावर उभं राहून पाहिलं. आणि सहा महिने मला तिच्या अंगणातल्या झाडाचा कढीपत्ता मिळाला नाही.

तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या होत्या, “देवाले वात पाहिजे, कोनं वळली ते थोडीच विचारते तो.” शहाणीनं ऐकलं नाही.

“ते पिशव्या तपासनारी पोट्टी आता मोठी झाली,” वैनी डोळे पुसत, पडद्यावरच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाली. “कंपनीत लागली.”

पण हसून गुडघा वाकत नव्हता. तीन व्हिडिओ शिल्लक होते आणि तपासणीला वीस दिवस.

ॲडब्लॉकर काढून टाकावा हा विचार आम्हाला शिवलाही नाही. नियम आहे, तर नियमात सूटही असणार, हे आम्हा दोघींना जन्मापासून माहीत. मी मास्तरीण, ती कचेरीतल्या माणसाची बायको. आमच्याकडे कोणतीही अडचण आली की आधी अर्ज होतो. पडद्याच्या कोपऱ्यात अभिप्राय लिहायची एक चौकट होती. त्यात मी लिहिलं: “महोदय, विषय – वैद्यकीय कारणास्तव जाहिरातींतून सूट मिळण्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की…” वैनी शेजारून सांगत होती, “शस्त्रक्रिया असं लिवजो. ऑपरेशन नको लिवू, हलकं वाटते.” दवाखान्याच्या कार्डाचा फोटो जोडला. खाली माझी सही येईना, म्हणून ‘आपली विश्वासू’ लिहिलं. बटन दाबल्याबरोबर पाटी आली की आपला अभिप्राय मिळाला, आभारी आहोत.

“पोच भेटली!” वैनी आनंदानं म्हणाली. “आता आठ दिवसांत येते पाहा उत्तर.”

आणि आम्ही वाट पाहायला लागलो. अर्ज विचाराधीन असताना नियम मोडायचा नाही, नाहीतर अर्ज फेटाळला जातो, हे वैनीच्या यजमानांनी तिला शिकवून ठेवलेलं. उरलेले तीन व्हिडिओ राखून ठेवायचे. त्यातला एक मीच दुसऱ्या दिवशी घालवला. कोनमापक ठेवताना कोपर पडद्याला लागलं आणि कुठल्याशा गोठ्यात म्हैस व्यायल्याचा व्हिडिओ सुरू झाला. बंद कसा करायचा ते सापडेपर्यंत रेडकू उभंही राहिलं. वैनी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, “फाईल वरच्या टेबलावर गेली असन.” सहाव्या दिवशी म्हणाली, “साहेब दौऱ्यावर असन.” व्हिडिओशिवाय करू म्हटलं, तर दोनदा पाय हलवायची आणि थांबायची. “छान कोन म्हनन?” मी म्हणायचे, तर तोंड फिरवायची. आठव्या दिवशी मी कोनमापक लावला. अठ्ठ्याहत्तरचे एकाहत्तर झाले होते. ते ऐकून वैनी पहिल्यांदा गंभीर झाली. तिनं बोटांवर दिवस मोजले.

“बारा दिवस राह्यले नं मास्तरीण?”

“बारा.”

“भुलीत मी त्या सोन्याच्या बांगड्यांचं बोललो तं मंग संपलं.”

कसल्या बांगड्या, हे मी विचारलं नाही. विचारावंसं फार वाटलं.

त्याच संध्याकाळी मी नातीला फोन केला. अर्जाचं सांगितलं तर ती इतकी हसली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. “आजी, ते कोणी वाचत नाही गं!” मग शांत झाल्यावर म्हणाली, “दुसरा एक टाकून देऊ का? तो पकडत नाहीत अजून.” म्हणजे हे पकडणार, आपण नवीन लावणार, ते पुन्हा पकडणार, आणि इकडे वैनीचा पाय लोखंडाच्या कांबीसारखा सरळ होणार. मी म्हणाले, “नको. काढ तो. येऊ दे जाहिराती.” तिनं कुठे कुठे बोट लावायचं ते फोनवर सांगितलं आणि मी ॲडब्लॉकर काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता पुन्हा सुरू. “टाच जमिनीवर मागे सरकवा, गुडघा वाकू द्या, आता धरून ठेवा…” आणि आले फ्लॅट. कोपऱ्यात आकडे उलटे मोजले जाऊ लागले. पाच, चार, तीन. मग ‘जाहिरात वगळा’चं बटन उगवलं.

“दाब नं!” वैनी ओरडली.

“हात मोकळे नाईत.” खरंच नव्हते. एका हातानं कोनमापक तिच्या गुडघ्याशी धरलेला, दुसऱ्या हातानं खुर्चीचा पाय.

“ते पुन्हा कॉफी पेऊन राह्यली!”

त्या कॉफीवाल्या बाईवर वैनीचा एवढा राग, की ती स्वतःच पुढे झाली. टाच जमिनीवर तशीच रोवलेली, खुर्चीच्या कडेला सरकली, हात लांब केला आणि बोटानं बटन दाबलं. फ्लॅट गेला. पोरगी आली आणि म्हणाली, “छान! खूप छान!” वैनी मागे टेकली.

माझं लक्ष कोनमापकावर होतं. पाय तिथेच राहिला आणि अंग पुढे गेलं, म्हणजे कोन वाढणारच. शाळेतल्या पोट्टीलाही कळेल. वैनीनं बटन दाबलं त्या क्षणी कोन ब्याऐंशीवर होता. आणि ती ओरडली नव्हती. दुखलं असेल, पण फ्लॅट घालवण्याच्या नादात तिला कळलंच नाही.

मी आकडा मनातच ठेवला. सव्वीस वर्षांची असते तर लगेच उभी राहून घोषणा केली असती. म्हातारपणी तेवढी तरी अक्कल आली आहे.

दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधी मी स्टूल दोन बोटं मागे सरकवलं आणि फरशीवर खडूनं बारीक खूण केली. त्या दिवशी चौऱ्याऐंशी. तिसऱ्या दिवशी आणखी दोन बोटं. खुर्ची घसरू नये म्हणून मी चटईवर पाय पसरून तिला टेकण द्यायचे.

“मास्तरीण, हे दूर काऊन वाटून राह्यलं वो आज?”

“तुमचा चष्मा बदलाले झाला, वैनी.”

मी पक्की लबाड झाले. जाहिरात आली की मी मुद्दाम कोनमापक दोन्ही हातांनी धरायचे. देवघरात दिवा लावताना, आज चार तरी येऊ दे, अशी प्रार्थना करायचे. ज्या साइटला मी शिव्या घातल्या होत्या, तिच्या जाहिरातींची मी आता वाटच पाहू लागले. आणि एक दिवस मेली एकही जाहिरात आली नाही. पूर्ण व्हिडिओ झाला, पोरगी बोलत राहिली, वैनी आरामात खुर्चीला टेकून टाच इंचभर हलवत राहिली.

“आज कशा नाई आल्या?” मी पडद्यावर बोट मारत होते.

“नाई आल्या तं बरं हाय नं.”

“बरं कायचं? थांबा, दुसरा लावतो.”

“काऊन?”

“तेलवाला म्हातारा पाहाचा हाय मले.”

वैनीनं माझ्याकडे नीट पाहिलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी स्टूल इतकं मागे गेलं होतं की ते जवळजवळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं होतं. फ्लॅट आले. वैनी खुर्चीच्या कडेवर, पाय रोवलेला, एक हात माझ्या डोक्यावर टेकवून, दुसरा हात पुढे. बोट पोचेना. “अवं, थांब, थांब, पाहातोच तुले!” असं कॉफीवालीला म्हणत तिनं आणखी एक हिसका दिला आणि बटन दाबलं. कोन चौऱ्याण्णव.

माझ्या तोंडून निघून गेलं, “छान! खूप छान!”

वैनीनं खाली पाहिलं. माझ्याकडे नाही, फरशीकडे. स्टूल जिथून निघालं होतं तिथपासून उंबऱ्यापर्यंत खडूच्या नऊ रेघा ओळीनं मांडल्या होत्या. पुसायच्या राहून गेल्या होत्या.

“हे का होय वो, मास्तरीणबाई?”

रागावली की ती मला बाई लावते. मी खरं ते सांगितलं. तिनं बोट दाखवत रेघा मोजल्या. मग म्हणाली, “म्हंजे पुन्हा तूच जाहिरात!”

वर्ध्याला डॉक्टरांनी छोट्याशा प्लास्टिकच्या कोनमापकानं मोजलं आणि म्हणाले, “पंच्याण्णव. आजी, काय केलं तुम्ही?” वैनी म्हणाली, “फ्लॅट पाह्यले.” भूल टळली. बांगड्या जिथे आहेत तिथे आहेत. सून पुरणपोळी करते आणि वैनी दोन खाते.

परत येताना गाडी गल्लीत वळायच्या आधी मात्र तिनं मला खरी बातमी सांगितली. अर्ज केला त्या दिवशीच तिनं एक दुसरा अर्जही केला होता. देवाला. गुडघा वाकू दे, एक लाख वाती वाहीन.

“मंग वळा,” मी म्हणाले.

“मी एकलीच कायले? टीव्ही तुह्या घरी, जाहिराती तुह्या घरी. तीन वाजता येतो. जाहिरात लागली की दोघींनी वळाच्या. हातात कापूस नाई, त्यानं पाहाचं नाई.”

तेव्हापासून रोज दुपारी परात मध्ये आणि आम्ही दोघी दोन बाजूंना. आता व्यायामाशिवाय भजनं, पाककृती, म्हशी, काहीही पाहतो. जाहिरात लागली की हात चालू, संपली की बंद. वैनीचे हात अजून झपाझप चालतात. माझी बोटं सकाळी सुजलेली असतात, दहा वाती वळल्या की आखडतात. माझ्या सुनेनं हे पाहिलं. ती वर्ध्याला एका कार्यालयात आहे. एका सोमवारी संध्याकाळी पर्समधून कापडी पिशवी काढून तिनं गुपचूप माझ्या हातात ठेवली. “आई, आमच्या मधल्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून केल्या. तीनशे आहेत. काकूंना सांगू नका.”

मी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी पिशवी साडीआड पायाशी ठेवली आणि जाहिरात लागली की चारचार वाती काढून परातीत टाकू लागले. सुबक, एकसारख्या. फुटाणेही आणले होते.

वैनीनं परातीतली एक वात उचलली. उजेडाकडे धरली. मग नाकाशी नेली.

“मास्तरीण, ह्या वातीले कायचा वास येऊन राह्यला वो?”

“कायचा?”

“जवसाच्या चटनीचा.”

“देवाले आवडते जवस.”

पडद्यावर कॉफीवाली बाई खिडकीत आली होती. वैनी तिच्याकडे पाहत बसली, अगदी शांत, आणि नवा पाय हळूच पुढे घालून तिनं माझ्या पायाशी लपवलेली पिशवी टाचेनं आपल्या खुर्चीखाली ओढून घेतली. पार मागेपर्यंत. कोन शंभरच्या वर असावा. कोनमापक शेजारीच होता, पण मोजायची माझी हिंमत झाली नाही.